बरणीतला हंसराज आणि अ‍ॅरिझोनाचं काचघर

गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनीसाठी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळेत पोरांनी लोणच्याच्या काचेच्या बरणीत बाग केली. तळाला बारीक गिट्टी, त्यावर चुलीतला कोळसा, वर वावरातली काळी माती. गावातल्या जुन्या विहिरीच्या दगडी भिंतीला ओलाव्यात हंसराज नावाचा नेचा (फर्न) उगवतो; त्याची दोन रोपं मुळासकट आणून लावली. पाणी शिंपडलं, झाकण घट्ट बसवलं. रोपांना जोम यावा म्हणून मातीत चांगलं दोन ओंजळी शेणखत मीच घालायला लावलं होतं. आठ दिवसांत पानं काळी पडू लागली. झाकण उघडलं तेव्हा उकिरड्याचा वास वर्गभर झाला. पोरं फार हिरमुसली. असं का झालं, हे सांगायला मला बरंच मागं जावं लागलं.

१७७१ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली यांनी बंद भांड्यात मेणबत्ती विझेस्तोवर जळू दिली आणि त्या वापरलेल्या हवेत पुदिन्याची काडी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळाली. झाडाचं हे काम फक्त उजेडात चालतं, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये दाखवलं.

झाकणबंद बागेचा शोध मात्र अनपेक्षितपणे लागला. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांना नेच्यांची भारी हौस, पण कोळशाच्या धुरानं त्यांचे नेचे जगत नव्हते. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून बाटलीत ठेवला. पतंगाची वाट बघताना त्या मातीतून एक नेचा आणि थोडं गवत उगवून आलं. दिवसा उन्हानं ओलावा वर जायचा, काचेला थेंब व्हायचे, परत मातीत उतरायचे. वरून पाण्याचा थेंब न घालता ती रोपं जवळपास चार वर्षं जगली. झाकण गंजलं आणि पावसाचं पाणी आत शिरलं तेव्हाच मेली. १८३३ मध्ये वॉर्ड यांनी अशा काचपेट्यांतून रोपं जहाजानं सिडनीला पाठवली आणि ती जिवंत पोचली. वनस्पती गोळा करणारे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली, तीही अशाच पेट्यांतून. आपल्या टपरीवरच्या कटिंगमागे ही काचपेटीही आहे.

विसाव्या शतकात माणसालाच आत बसवायचा विचार सुरू झाला, कारण अंतराळात दीर्घ काळ राहायचं तर हवा, पाणी, अन्न सगळं फिरतं ठेवावं लागणार. १९६८ मध्ये हवाईचे शास्त्रज्ञ क्लेअर फोल्सम यांनी समुद्रकाठची वाळू, पाणी, शेवाळ आणि सूक्ष्मजीव काचेच्या चंबूत कायमचे बंद केले. सायबेरियात क्रास्नोयार्स्कच्या बायोस-३ नावाच्या बंद घरात १९७२-७३ साली माणसं सहा महिने राहिली. अगदी अलीकडे, २०१७-१८ मध्ये, बीजिंगमध्ये अशाच बंद घरात विद्यार्थ्यांनी पाळीपाळीनं ३७० दिवस काढले.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाचा बायोस्फिअर-२ हा बंद काचघरातला प्रयोग. जागा ३.१४ एकर, म्हणजे आमच्याकडच्या अल्पभूधारक कास्तकाराच्या वावराएवढी. तेवढ्यात वर्षावन, वाळवंट, खारफुटी, छोटा समुद्र आणि सुमारे अर्धा एकर शेती. २६ सप्टेंबर १९९१ ला आठ माणसं आत गेली आणि दोन वर्षं राहिली. धान, गहू, भुईमूग, वाल, केळी, पपई, रताळी पिकवून खाल्ली. रताळी इतकी खाल्ली की कातडीवर नारिंगी झाक आली. परागीभवन करणारे बहुतेक कीटक मेले, झुरळं आणि मुंग्या मात्र माजल्या.

खरं संकट दिसत नव्हतं. हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून सोळा महिन्यांत साधारण १४.५ टक्क्यांवर आला. चार हजार मीटर उंच डोंगरावर राहावं तशी धाप लागायची. शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. कारण निघालं ते मातीत. शेतीसाठी माती मुद्दाम कसदार, कुजक्या खतानं भरलेली केली होती. त्या खतावर जिवाणू जोमानं वाढले आणि ऑक्सिजन खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत राहिले. आमच्या बरणीत माझ्या दोन ओंजळींनी हेच केलं होतं. पोरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचे चेहरे उजळले: आपण चुकलो ते कुठल्या मोठ्या माणसांसारखे!

पण हिशोब अजून जुळत नव्हता. जिवाणूंनी जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडायला हवा, तेवढा हवेत सापडेना. जेफ सेव्हरिंगहाउस आणि वॉलेस ब्रोकर या शास्त्रज्ञांच्या चमूनं तो शोधून काढला. इमारतीच्या उघड्या काँक्रीटमधल्या चुन्यानं तो शोषून घेतला होता. चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकलं की पाणी दुधाळ होतं, हा प्रयोग आपल्या प्रत्येक शाळेत होतो. तीच क्रिया तिथल्या भिंतींत दोन वर्षं चालू होती. कार्बनबरोबर ऑक्सिजनही भिंतीत अडकला, झाडांच्या हाती लागलाच नाही.

लोकांनी तेव्हा या प्रयोगाला फसलेला म्हटलं. मला ते पटत नाही. एवढ्या मोठ्या बंद घरात हवेचा हिशोब कसा बिघडतो, हे दुसरीकडे कुठं एवढं ठळक दिसलं? आज ती जागा अ‍ॅरिझोना विद्यापीठाकडं आहे, लोक ती पाहायला जातात. आतल्या एका भागात दगडाच्या भुग्याचे तीन मोठे उतार करून त्यावर पाऊस पाडतात आणि माती कशी घडते ते मोजतात. दगड कुठला? बेसाल्ट. आमच्याकडं विहीर खणली की काळी माती, मग मुरूम, मग जो काळा पाषाण लागतो, तोच जातीचा. पोरांना घेऊन मी विहिरीच्या कठड्यावर उभा राहिलो आणि वरून खालपर्यंत तो क्रम दाखवला.

दुसऱ्या बरणीत शेणखत नाही. चार महिने झाले, हंसराजाला नवी पानं फुटताहेत, कोवळी असताना मुठीसारखी गुंडाळलेली. सातवीतल्या एका पोरीनं विचारलंय, "सर, आत सिमेंटचा तुकडा ठेवला तर?" त्यासाठी तिसरी बरणी धुऊन उन्हात वाळत घातली आहे.