लिओनार्दा सोनाटांचा सेट घेतलात, वाजवण्याआधी हे पान वाचा

नमस्कार मंडळी,

सेटमध्ये चार वह्या आहेत, दोन व्हायोलिनच्या, एक व्हिओलोनेची (खालच्या सुरांचं जुनं तंतुवाद्य, चेलोवर वाजवली तरी चालते) आणि एक ऑर्गनची. संगीत इझाबेला लिओनार्दा यांचं. इटलीतल्या नोवारा गावात १६२० ला जन्म, सोळाव्या वर्षी तिथल्याच उर्सुलाइन (नन्सचा एक पंथ) कॉन्व्हेंटमध्ये गेल्या. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हटलं की इंग्लिश शाळा डोळ्यासमोर येते, इथे अर्थ नन्सचा मठ. त्यांची वीस पुस्तकं निघाली, जवळपास सगळी गायनाची, आणि त्यातच १६९३ ला, सत्तरी ओलांडल्यावर, बोलोन्यात छापल्या या बारा सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या रचना, नुसत्या वाद्यांच्या! बाईच्या नावावर छापलेल्या सोनाटांचं हे पहिलं पुस्तक मानतात आणि आम्हाला ते मनापासून आवडतं म्हणूनच हा सेट काढला.

मठात वाद्यं वाजायची हे काही नवीन नव्हतं. फेरारातल्या सान व्हितो मठातल्या नन्स तर व्हायोलिन, ल्यूट (तारा छेडून वाजवायचं वाद्य) सोडाच, कॉर्नेट (तेव्हाचं लाकडी फुंकवाद्य) आणि ट्रॉम्बोनसुद्धा वाजवायच्या. मिलानच्या नन क्लाउदिया रुस्का यांच्या १६३० च्या पुस्तकातही गाण्यांसोबत वाद्यांसाठी कान्झोना (छोट्या वाद्यरचना) आहेत. अशा मठांत लोक चर्चच्या बाहेरच्या भागात बसून ऐकायचे, मधे भिंत, वाजवणारी दिसायचीच नाही.

आता महत्त्वाचं. कीबोर्डवाला मिळत नाही म्हणून ऑर्गनची वही बाजूला ठेवून नुसती दोन व्हायोलिन वाजवली असं बरेच जण सांगतात, तसं प्लीज करू नका, अर्धं संगीत जातं. त्या वहीत एकच बेसची (खालच्या सुरांची) ओळ आणि तिला लागून आकडे दिसतील, ती मिसप्रिंट नाही, ते कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांचे, आकडे आहेत. आकडा नसेल तर साधारणपणे बेसपासून तिसरा आणि पाचवा सूर, ६ असेल तर तिसरा आणि सहावा, बाकी भरायचं वाजवणाऱ्याने आपल्या मनाने. आम्ही मुद्दामच ते भरून छापलेलं नाही. कीबोर्डवर पियानोऐवजी पाइप ऑर्गनचा टोन लावा, सूर धरून राहतो.

बारावी सोनाटा एकाच व्हायोलिनची आणि सोबत ऑर्गनच्या बेसची आहे, सात भाग, त्यातले दोन संथ भाग बोलल्यासारखे मोकळे वाजवायचे, मेट्रोनोम बंद ठेवून. ती वेगळी बांधून दिलीय, स्टँडवर सपाट राहते.