पश्चिम किनाऱ्यातील 'क' क्षेत्रात घर बांधण्याचा परवाना : पात्रता, कागदपत्रे आणि नकाशा

इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातील 1995 च्या दुसऱ्या ओस्लो करारानुसार पॅलेस्टिनी पश्चिम किनाऱ्याचा (वेस्ट बँक) सुमारे 60 टक्के भूभाग 'क' क्षेत्रात, म्हणजे इस्रायलच्या पूर्ण नियंत्रणाखालील भागात येतो. तिथे पॅलेस्टिनी कुटुंबाला घरच नव्हे, तर गोठा, पाण्याची टाकी किंवा सौर पॅनेल उभारायचे असले, तरी इस्रायली लष्कराच्या नागरी प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो.

अर्जदाराला आधी जमिनीवरचा हक्क सिद्ध करावा लागतो. जमीन नोंदणीकृत असेल तर 'ताबू'चा, म्हणजे मालकीच्या नोंदवहीचा उतारा पुरतो. परंतु जॉर्डनच्या काळातील नोंदणी 1968 मध्ये लष्करी आदेशाने थांबवली गेली आणि तोवर सुमारे एक तृतीयांश जमीनच नोंदली गेली होती. उरलेल्यांची भिस्त 'मालिया'च्या, म्हणजे कराच्या नोंदीवर असते. आपला सातबारा महसुलाचा कागद असूनही लोक त्यालाच मालकीचा पुरावा मानतात, तसेच काहीसे हे आहे. नोंद आजोबांच्या नावावर असेल, तर वारस दाखलाही लागतो. यासोबत परवानाधारक मोजणीदाराने केलेला नकाशा आणि बांधकामाचे आराखडे जोडावे लागतात.

कागदपत्रे पूर्ण असली तरी खरी अडचण पुढेच आहे. परवाना गावाच्या मंजूर नियोजन आराखड्याच्या हद्दीतच मिळतो, आणि पॅलेस्टिनी बांधकामासाठी असे आराखडे 'क' क्षेत्राच्या एक टक्क्याहूनही कमी जागेवर आहेत. बाकी गावांना 1940 च्या दशकातील ब्रिटिश प्रादेशिक आराखडे लावले जातात, ज्यांत बहुतेक जमीन शेतीची दाखवलेली आहे. जॉर्डनच्या 1966 च्या नियोजन कायद्यातील स्थानिक समित्या 1971 च्या आदेश क्रमांक 418 ने रद्द केल्या. त्यामुळे ज्यांच्या गावाचा नकाशा काढायचा, त्यांनाच तो ठरवण्यात स्थान उरलेले नाही. हा अन्याय मला या प्रक्रियेतील सर्वांत गंभीर वाटतो.

परवान्याविना बांधकाम सुरू झाले असेल, तर काम थांबवण्याची नोटीस येते आणि मागाहून परवान्यासाठी अर्ज करता येतो. मात्र 2018 चा आदेश क्रमांक 1797 लागू झाल्यास नव्या बांधकामासाठी नोटिशीनंतर केवळ 96 तास मिळतात. एवढ्या वेळात मोजणीदार मिळवून नकाशा तयार करणेही अशक्यप्राय असते.

याचे एक उदाहरण पाहा. 'क' क्षेत्रातील खान अल-अहमर या बेदुइन (पशुपालक अरब जमातीच्या) वस्तीची शाळा 2009 मध्ये जुने टायर रचून, त्यांवर माती लिंपून बांधली गेली. वस्तीला मंजूर आराखडा नव्हता आणि शाळेवर पाडकामाचा आदेश निघाला. सप्टेंबर 2018 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने वस्तीच्या याचिका फेटाळल्या.