ग्रेनेडा : आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांमधील वाटचाल

ग्रेनेडा हा कॅरिबियन समुद्राच्या आग्नेय टोकाला असलेला द्वीप-देश. ग्रेनेडा, कॅरिआकू आणि पेटिट मार्टिनिक या तीन बेटांवर वस्ती आहे. एकूण क्षेत्रफळ 344 चौ. किमी., म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडे अधिक, आणि लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत. देशाच्या झेंड्यावर जायफळ आहे, कारण बेटाचे पोट दीर्घकाळ बऱ्याच अंशी त्याच पिकावर चालत आले. 2024 पर्यंत ऑलिंपिकमध्ये या देशाने एक सुवर्ण, एक रौप्य आणि तीन कांस्य अशी पाच पदके मिळवली. लोकसंख्येच्या प्रमाणात पदके मोजली, तर लंडन (2012), रिओ (2016) आणि पॅरिस (2024) या तिन्ही वेळी ग्रेनेडा जगात पहिला होता.

मराठी वाचकाला कॅरिबियन म्हटले की आधी क्रिकेट आठवते, पण ग्रेनेडाचे नाव क्रिकेटच्या धावफलकावर कधीच दिसत नाही. ‘वेस्ट इंडीज’ हा देश नव्हे, अनेक देशांचा मिळून केलेला संघ आहे. त्यांच्या देशांतर्गत स्पर्धांतही ग्रेनेडाचे खेळाडू सेंट लुशिया, डॉमिनिका आणि सेंट व्हिन्सेंटच्या खेळाडूंसोबत ‘विंडवर्ड आयलंड्स’ या नावाने उतरतात. 1993 मध्ये यष्टिरक्षक ज्युनियर मरे हा कसोटी खेळणारा पहिला ग्रेनेडियन ठरला. त्याच्यानंतर सलामीवीर डेव्हन स्मिथ आणि फटकेबाज आंद्रे फ्लेचर आले, महिला संघात लेगस्पिनर अ‍ॅफी फ्लेचर आली. या साऱ्यांच्या धावा आणि बळी जमा झाले ते वेस्ट इंडीजच्या खात्यात. सेंट जॉर्जेस या राजधानीतील क्वीन्स पार्क मैदानावर 2002 मध्ये पहिली कसोटी झाली आणि 2022 मध्ये याच मैदानावर वेस्ट इंडीजने इंग्लंडला दहा गडी राखून हरवून मालिका जिंकली. स्वतःच्या झेंड्याखाली खेळायचे, तर ग्रेनेडाला फुटबॉल आणि अ‍ॅथलेटिक्स हेच दोन मुख्य मार्ग होते.

ऑलिंपिकमधील पदार्पण 1984 मध्ये लॉस एंजेलिसला झाले. त्याआधीच्या ऑक्टोबरात देश उलथापालथीतून गेला होता. 19 ऑक्टोबर 1983 रोजी पंतप्रधान मॉरिस बिशप यांची हत्या झाली आणि सहाच दिवसांनी अमेरिकी फौजा बेटावर उतरल्या. त्यानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी ग्रेनेडाचे खेळाडू अमेरिकेतल्याच एका शहरात, ऑलिंपिकच्या संचलनात, आपला झेंडा घेऊन चालत होते. पदक मिळाले नाही आणि पुढची जवळजवळ तीन दशके ते मिळणारही नव्हते. तरीही या पदार्पणाचे मोल मोठे आहे. त्या वर्षी जगाच्या वर्तमानपत्रांत ग्रेनेडा म्हणजे केवळ एक लष्करी कारवाई होती.

फुटबॉलमध्ये ‘स्पाइस बॉइज’ या लाडक्या नावाने ओळखला जाणारा राष्ट्रीय संघ 2009, 2011 आणि 2021 च्या गोल्ड कपपर्यंत, म्हणजे उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांच्या मुख्य स्पर्धेपर्यंत, पोहोचला. मात्र जगभर त्यांची आठवण निघते ती 27 जानेवारी 1994 रोजी बार्बाडोसविरुद्ध झालेल्या कॅरिबियन चषकाच्या पात्रता सामन्यामुळे. स्पर्धेच्या नियमानुसार प्रत्येक सामना निकाली लागायलाच हवा होता आणि जादा वेळेत मारलेला निर्णायक गोल दोन गोलांइतका धरला जाणार होता. पुढे जाण्यासाठी बार्बाडोसला दोन गोलांच्या फरकाने जिंकणे भाग होते. ते 2-0 ने पुढे असताना 83 व्या मिनिटाला ग्रेनेडाने एक गोल फेडला. उरलेल्या वेळात आणखी एक गोल होणे कठीण, हे बार्बाडोसने ओळखले. सामना बरोबरीत सोडवला तर जादा वेळ मिळेल आणि तिथला एकच गोल दोनाचे काम करील, असा हिशेब करून त्यांच्या बचावपटूने 87 व्या मिनिटाला मुद्दाम स्वतःच्याच जाळ्यात चेंडू मारला. आता 2-2. यापुढे ग्रेनेडाने कोणत्याही बाजूला गोल केला तरी त्यांचे भागणार होते, कारण 3-2 ने जिंकले तरी ते पुढे जात होते आणि 2-3 ने हरले तरीही. शेवटची काही मिनिटे ग्रेनेडाचे खेळाडू दोन्ही गोलांकडे धावत होते आणि बार्बाडोसचे खेळाडू दोन्ही गोल राखत होते. जादा वेळेत बार्बाडोसने गोल केला आणि सामना 4-2 असा नोंदला गेला. नियमभंग झाला नव्हता, त्यामुळे शिक्षा कुणालाच झाली नाही. ग्रेनेडाचे प्रशिक्षक जेम्स क्लार्कसन यांनी सामन्यानंतर या नियमावर उघड संताप व्यक्त केला आणि तो रास्तच होता. हा प्रसंग गंमत म्हणून सांगितला जातो, पण त्या दिवशी बाहेर पडला तो नियमांशी प्रामाणिक राहून खेळणारा संघ.

अ‍ॅथलेटिक्समधील यशामागे एक ठरलेली वाट आहे. शाळांच्या स्पर्धा, मग ‘इंटरकॉल’ ही माध्यमिक शाळांची वार्षिक स्पर्धा, तिथून 1972 पासून भरणारी कॅरिफ्टा ही कॅरिबियन किशोर व तरुणांची स्पर्धा आणि शेवटी अमेरिकी विद्यापीठाची शिष्यवृत्ती. अ‍ॅलेन फ्रान्सिक लुइझियाना स्टेटला गेला, किरानी जेम्स अलाबामाला, अँडरसन पीटर्स मिसिसिपी स्टेटला आणि लिंडन व्हिक्टर टेक्सास ए अँड एमला. बेटावर हेरलेली गुणवत्ता अशी परदेशात घडते. त्यात कमीपणा काही नाही, मूल लहान असताना त्याला हेरणारे शिक्षक गावातलेच असतात.

फ्रान्सिकने 2004 आणि 2006 मध्ये बंदिस्त मैदानावरील जागतिक स्पर्धेत 400 मीटरचे सुवर्ण जिंकले. ऑगस्ट 2004 मध्ये अथेन्स ऑलिंपिकला तो चौथा आला. त्यानंतर पंधरवड्यातच, 7 सप्टेंबरला, इव्हान चक्रीवादळ ग्रेनेडावर आदळले. बहुतेक घरांचे नुकसान झाले, जायफळाच्या बागा आडव्या झाल्या आणि क्वीन्स पार्कही उद्ध्वस्त झाले. 2007 च्या विश्वचषकासाठी चीनच्या मदतीने तिथे नवे क्रिकेट मैदान उभे राहिले. त्याच्या उद्घाटनात पोलीस बँडने चुकून तैवानचे राष्ट्रगीत वाजवले आणि सरकारला चीनची माफी मागावी लागली.

किरानी जेम्स गुयाव गावचा. पश्चिम किनाऱ्यावरचे हे मासेमारांचे गाव दर शुक्रवारी रस्त्यावर भरणाऱ्या माशांच्या जत्रेसाठी प्रसिद्ध आहे. चौदाव्या वर्षी त्याने 400 मीटर 46.96 सेकंदांत धावून दाखवले होते. 2011 मध्ये दक्षिण कोरियातील देगू इथे, एकोणीस पूर्ण होण्याआधीच, त्याने अमेरिकेच्या लाशॉन मेरिटला सेकंदाच्या तीन शतांशांनी मागे टाकून विश्वविजेतेपद मिळवले. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, उपांत्य शर्यतीत, त्याच्यासोबत कृत्रिम पायांवर धावणारा दक्षिण आफ्रिकेचा ऑस्कर पिस्टोरियस होता. शर्यत संपताच किरानी त्याच्याकडे गेला आणि दोघांनी छातीवरच्या नावाच्या पट्ट्या बदलून घेतल्या. दुसऱ्या दिवशी, 6 ऑगस्टला, अंतिम शर्यत 43.94 सेकंदांत जिंकून त्याने देशाला पहिले ऑलिंपिक पदक दिले, तेही सुवर्ण. 44 सेकंदांच्या आत धावणारा तो पहिला बिगर-अमेरिकी ठरला. ग्रेनेडात सरकारने अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. पुढे रिओत रौप्य (43.76) आणि टोकियोत कांस्य (44.19) मिळवून त्याने एकाच शर्यतीतली तिन्ही रंगांची पदके पूर्ण केली. मधल्या काळात थायरॉइडशी संबंधित ग्रेव्हज् या आजाराने त्याला गाठले होते, हे लक्षात घेतले तर टोकियोचे कांस्य लंडनच्या सुवर्णाइतकेच तोलाचे वाटते.

भारतीयांना अधिक परिचयाचा आहे तो भालाफेकपटू अँडरसन पीटर्स. 2016 च्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत नीरज चोप्राने सुवर्ण जिंकले तेव्हा तिसऱ्या पायरीवर पीटर्स होता आणि 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतही तसेच घडले. नंतर मात्र पारडे फिरले. 2019 मध्ये दोहात तो विश्वविजेता झाला आणि 2022 मध्ये यूजीनला 90.54 मीटर फेकीसह नीरजच्या पुढे राहून त्याने ते पद राखले. त्याच वर्षी मे महिन्यात दोहाला त्याचा भाला 93.07 मीटरवर गेला होता. पॅरिस ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानचा अर्शद नदीम पहिला, नीरज दुसरा आणि 88.54 मीटर फेकणारा पीटर्स तिसरा आला. महिनाभराने ब्रसेल्सच्या डायमंड लीग अंतिम फेरीत पीटर्सने नीरजला एका सेंटीमीटरने हरवले : 87.87 विरुद्ध 87.86.

पॅरिसला आणखी एक कांस्य लिंडन व्हिक्टरने डेकॅथलॉनमध्ये, म्हणजे धावणे, उड्या आणि फेकी अशा दहा प्रकारांच्या एकत्रित स्पर्धेत, 8711 गुण मिळवून पटकावले. 2018 आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धांत याच प्रकारातले सुवर्ण त्याच्याकडे होते. त्याचा भाऊ कर्ट फेलिक्स हाही डेकॅथलॉनपटू, 2014 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतला कांस्यविजेता.

राजधानीतल्या अ‍ॅथलेटिक्स मैदानाला किरानी जेम्सचे नाव दिले आहे. कॅरिफ्टा स्पर्धा 2016 आणि 2024 मध्ये ग्रेनेडात भरली आणि बेटावरची पोरे घरच्या मैदानावर शेजारी देशांशी धावली. सप्टेंबर 2025 मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत भालाफेकीचे सुवर्ण त्रिनिदादच्या केशॉर्न वॉल्कॉटला आणि रौप्य पीटर्सला मिळाले. पदकपीठावरच्या वरच्या दोन्ही जागा शेजारशेजारच्या दोन कॅरिबियन देशांकडे होत्या.