तांब्याच्या पोटातलं सोनं

"मामा, एका कॉम्प्युटरमध्ये सोनं किती असतं रे?" पुण्यात सी.ए.चं ऑफिस चालवणाऱ्या भाच्याने परवा फोनवर विचारलं. ऑफिसातले साठ जुने डेस्कटॉप काढायचे होते. तिघा भंगारवाल्यांनी भाव सांगितला होता आणि त्यातल्या एकाचा भाव बाकी दोघांपेक्षा बराच जास्त होता. मधल्या काळात त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. एक माणूस काचेच्या भांड्यात रॅमच्या पट्ट्या टाकतो, वरून ॲसिड ओततो आणि शेवटी तळहातावर सोन्याचा मणी ठेवून दाखवतो. तेव्हापासून आपण भंगारवाल्याला फुकट सोनं वाटतोय, असं भाच्याच्या मनाने घेतलं होतं.

मी तंत्रनिकेतनात धातुशास्त्र शिकवलं, त्यामुळे तासभर फोन सोडला नाही. त्याला जे सांगितलं तेच इथे थोडं विस्ताराने लिहितो, कारण हा प्रश्न आज जवळजवळ प्रत्येक ऑफिसात पडलेला आहे.

आधी हिशेब. संगणकाच्या चांगल्या प्रतीच्या एक टन सर्किट बोर्डांमध्ये साधारण २०० ग्रॅम सोनं असतं. सोन्याच्या खाणीतल्या एक टन खडकात ते काही ग्रॅमच असतं, म्हणून बोर्डांना 'शहरी खाण' म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण एका मदरबोर्डचं वजन किलोच्या आतबाहेर. म्हणजे त्यात फार तर दोन दशांश ग्रॅम सोनं. साठ संगणकांचं मिळून तोळाभर निघेल न निघेल. टोकियो ऑलिम्पिकच्या पदकांसाठी जपानने दोन वर्षं देशभरातून जुनी उपकरणं गोळा केली. जवळजवळ ७९ हजार टन उपकरणं आणि त्यांच्यासोबत ६२ लाख मोबाइल जमले, त्यातून सोनं मिळालं ३२ किलो.

शिवाय हे सोनं गोळ्याच्या रूपात नसतं. जोडणीच्या पिनांवर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ मुलामा असतो, आणि जुन्या चिपांच्या आत केसाहून बारीक तारा. सोनं गंजत नाही, त्यामुळे दहा वर्षांनीही पिनेतून वीज विनाअडथळा जाते, एवढ्यासाठीच ते तिथे असतं. अलीकडच्या पुष्कळ चिपांमध्ये या तारा तांब्याच्या असतात, म्हणजे सोनं आणखी कमी.

जाता जाता 'लाल पाऱ्या'चंही सांगतो. जुन्या टीव्ही-रेडिओत लाखो रुपयांचा लाल पारा असतो, ही अफवा दर काही वर्षांनी उगवते. २००९ साली सौदी अरेबियात लोकांनी याच अफवेपायी जुनी शिलाई मशिनं अवाच्या सवा किमतीला विकत घेतली होती. असा पदार्थ रसायनशास्त्राला ठाऊकच नाही. त्यासाठी पैसे मागणारा माणूस फसवतो आहे, एवढंच खरं.

आता व्हिडिओतल्या ॲसिडकडे येऊ. नायट्रिक आम्ल सोन्याला हात लावत नाही, पण सोन्याखालचं तांबं आणि निकेल खाऊन टाकतं. मग सोन्याचा पापुद्रा सुटा होऊन तरंगतो. सोनं विरघळवायचं असेल तर आम्लराज लागतं, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाचं ताजं मिश्रण. दोन्ही वेळा तपकिरी रंगाचा नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, जो फुप्फुसात पाणी भरवू शकतो. उरलेल्या हिरव्या-निळ्या पाण्यात तांबं, निकेल आणि सोल्डरमधलं शिसं असतं, आणि ते गटारात जातं. एवढं करून सोनं तरी पूर्ण मिळतं का? बंगळुरूमध्ये अशा कामाची मोजणी झाली होती, तेव्हा जेमतेम चौथा हिस्सा हाती लागत असल्याचं दिसलं. चिपांच्या आतलं सोनं आम्लाला सापडतच नाही.

वायर जाळून तांबं काढणं तर त्याहून वाईट. वायरीच्या पीव्हीसी आवरणात क्लोरीन असतो, आणि २०० ते ४०० अंशांच्या धुरकट आगीत तांबं स्वतःच उत्प्रेरक बनून त्या क्लोरीनपासून डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन तयार करतं. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये आणि मुरादाबादला रामगंगेच्या काठी हे काम वर्षानुवर्षं चालत आलं. जास्त भाव देणाऱ्याला तो कसा परवडतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे मिळतं. धुराड्याचा, धूर धुण्याचा आणि सांडपाण्याचा खर्च तो करत नाही, कोणाची तरी फुप्फुसं करतात.

मग सोनं नीट काढतात कसं? मला या सगळ्या विषयात सर्वांत प्रिय असलेली गोष्ट ही. सोन्याच्या मागे लागायचंच नाही, तांब्याच्या मागे लागायचं. बोर्डात सोन्याच्या हजारपट तांबं असतं, टनामागे सुमारे २०० किलो. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ होबोकेनला, स्वीडनमध्ये रॉन्स्करला, जपानमध्ये कोसाकाला मोठ्या भट्ट्या आहेत. तिथे बोर्डांचे तुकडे सुमारे १२०० अंशांच्या वितळलेल्या रसात टाकतात. बोर्डातलं प्लॅस्टिक इंधनासारखं जळतं. निघणारा वायू नीट जाळून झटकन थंड करतात आणि धुतात, जेणेकरून त्या मधल्या तापमानात रेंगाळून डायॉक्सिन पुन्हा जुळू नये. काचतंतू आणि लोखंड-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मिळून मळी बनते आणि ती वर तरंगते. खाली तांबं राहतं.

आणि सोनं? ते तांब्यात उतरतं. मिसळीच्या रश्श्यात तिखटाचा लाल रंग पाण्यात न राहता तेलात उतरतो, तसंच हे. फरक इतकाच, की तर्री वर येते आणि तांबं तळाशी बसतं. दागिन्यात सोनार सोन्याला तांब्याची जोड देतो, इथे तांब्याला सोन्याची जोड मिळते. चांदी आणि पॅलेडियम हा आणखी एक मौल्यवान धातूही सोबत येतात. चिपेच्या आतली बारीक तारसुद्धा सुटत नाही.

आता या तांब्याच्या जाड पाट्या ओततात आणि त्या आम्लयुक्त मोरचुदाच्या द्रावणात धनाग्र म्हणून टांगतात. समोर ऋणाग्राचा पत्रा. दहावीच्या पुस्तकातलं विद्युत अपघटन ते हेच. धातूचा अणू इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात उतरायला किती राजी असतो, ते त्याच्या प्रमाण विभवावरून कळतं. जस्त उणे ०.७६ व्होल्ट, निकेल उणे ०.२५, तांबं अधिक ०.३४, चांदी ०.८० आणि सोनं १.५०. आकडा जितका मोठा, तितका धातू हट्टी. धनाग्रावरचा विजेचा दाब असा ठेवतात की तांबं विरघळावं, पण आकड्याने त्याच्या वरचे धातू विरघळू नयेत. त्यामुळे सोनं-चांदी विरघळण्याऐवजी पाटी झिजत जाईल तशी कणाकणाने खाली पडतात. तांब्याच्या खालचे निकेल-जस्त विरघळतात, पण ऋणाग्रावर इलेक्ट्रॉन घ्यायला तांबं त्यांच्यापुढे असतं, म्हणून ते द्रावणातच अडकतात. चुकून विरघळलेल्या चांदीसाठी द्रावणात किंचित क्लोराइड घालतात, म्हणजे ती सिल्व्हर क्लोराइड होऊन खाली बसते.

एका बाजूला वरच्या धातूंना चाळणी, दुसऱ्या बाजूला खालच्यांना, आणि दोन्ही चाळण्या विजेच्या! यासाठी लागणारा दाब सुमारे ०.३ व्होल्ट, घड्याळातल्या सेलच्या पाचव्या हिश्श्याइतका. तो इतका कमी का? तांबं एका बाजूने उतरून दुसऱ्या बाजूला चढतं, त्यामुळे रासायनिक हिशेब शून्य होतो. वीज खर्च होते ती मुख्यतः द्रावणाचा रोध ओलांडण्यात. तीन-एक आठवड्यांत पाटी झिजते, ऋणाग्रावर ९९.९९ टक्के शुद्ध तांबं जमतं आणि टाकीच्या तळाशी काळपट गाळ उरतो. सगळी दौलत त्या गाळात असते. तिथून पुढे तीव्र आम्लं लागतातच, पण बंद भांड्यात आणि वायू धुऊन. अशा भट्ट्यांमधून ९५ टक्क्यांहून जास्त सोनं परत मिळतं.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. उपकरणं सुटी करण्यात हाताने काम करणारे आपले कारागीर यंत्रापेक्षा सरस आहेत. अख्खा संगणक यंत्रात घालून भुगा केला तर सोन्याचा बराच भाग लोखंड-प्लॅस्टिकच्या ढिगात मिसळून कायमचा जातो. स्क्रू काढून बोर्ड अलग करणारा माणूस तो वाचवतो. त्याच्या हातून आम्ल काढून घ्यायला हवं, काम नव्हे.

नियमांचं थोडक्यात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार वर्षात किमान १००० उपकरणं वापरणारी संस्था 'बल्क कंझ्युमर' ठरते आणि तिला जुना माल नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (जुना माल दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) किंवा रिसायकलर यांनाच द्यावा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी तपासता येते. या नियमांखाली रिसायकलरला मिळणारी प्रमाणपत्रं सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंवर मोजली जातात. पॅलेडियम त्यात नाही, याची मला खंत वाटते.

आणि हार्ड डिस्क. भाच्याकडे शेकडो अशिलांची विवरणपत्रं. 'फॉरमॅट मारलंय' म्हणाला. साध्या फॉरमॅटने पुस्तकाची अनुक्रमणिका फाटते, पानं तशीच राहतात. मॉर्गन स्टॅन्ली या बँकेने जुनी यंत्रं काढायचं काम डेटा पुसण्याचा अनुभव नसलेल्या सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं. ग्राहकांची माहिती असलेली काही उपकरणं लिलावाच्या संकेतस्थळावर पोचली आणि २०२२ मध्ये अमेरिकी नियामकाने ३.५ कोटी डॉलरचा दंड केला. फिरत्या तबकडीची डिस्क पूर्ण लांबीभर पुन्हा लिहून पुसता येते. तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीत मात्र राखीव पेशी असतात, तिथे वरवरचं लेखन पोचत नाही. तिच्यासाठी उत्पादकाची पुसण्याची आज्ञा वापरायची किंवा डिस्क पहिल्या दिवसापासून कूटबद्ध ठेवून शेवटी किल्ली नष्ट करायची. हे केलं की डिस्कला भोकं पाडावी लागत नाहीत आणि ती पुढे वापरता येते.

भाच्याला मी तिघांना विचारायला एकच प्रश्न दिला होता: वेगळे काढलेले बोर्ड तुमच्याकडून पुढे कुठे जातात? जास्त भाववाला म्हणाला, "ते आमचं आम्ही बघतो." दुसऱ्याने फोन ठेवला. तिसऱ्याने भट्टीचं नाव सांगितलं, गेल्या खेपेच्या वजनाची पावती पाठवली आणि साठातले चालू असलेले संगणक आधी बाजूला काढू का, असं विचारलं. सोमवारी त्याचा टेम्पो येतोय.