पान कमी की पान आजारी?

नाशिककडच्या द्राक्षबागेच्या एनडीव्हीआय (प्रतिमेवरून पिकाचा हिरवेपणा सांगणारा निर्देशांक) नकाशावर एखादा पट्टा लालसर दिसला, की तिथे रोग आला असे फार लवकर ठरवले जाते. वास्तविक पान कमी असणे आणि पान आजारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी असून नकाशावर मात्र त्या एकाच रंगात उमटतात.

निरोगी पानातील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते आणि पानाच्या आतील पेशीरचना डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. परतलेल्या निकट-अवरक्त प्रकाशातून परतलेला लाल प्रकाश वजा करून त्या वजाबाकीला दोहोंच्या बेरजेने भागले की हा निर्देशांक मिळतो. हरितद्रव्य घटले की तो उतरतो, पण छाटणीनंतर फुटी विरळ निघून ओळींमधली माती उघडी राहिली तरीही तो उतरतोच. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमेतील सर्वांत बारीक चौकट १० मीटर लांब-रुंद असते. ९ बाय ५ फुटांवर लावलेल्या बागेत तेवढ्या जागेत सुमारे २४ वेली येतात, आणि त्यांची पाने, माती व सावली यांचा मिळून एकच आकडा हाती येतो. ड्रोनच्या बारीक प्रतिमेत माती वेगळी काढता येते, तरी पर्णसंभार किती जाड आहे हे वरून घेतलेल्या सपाट चित्रातून कळत नाही.

ते त्रिमितीय प्रतिकृतीतून कळते. लायडारने (लेसर किरणांनी अंतर मोजणाऱ्या यंत्राने) किंवा एकमेकांवर ७० ते ८० टक्के चढणाऱ्या छायाचित्रांवरून वेलीची उंची व पर्णसंभाराचे आकारमान मोजता येते, आणि तपशील पुरेसा असेल तर पानांचा कलही. हा कल महत्त्वाचा आहे, कारण पाण्याच्या ताणाने दुपारी लोंबलेले पान हरितद्रव्य तेवढेच असूनही कॅमेऱ्याकडे वेगळा प्रकाश परतवते. कोन ठाऊक असल्यास ती चूक दुरुस्त करता येते.

प्रतिकृतीच्या प्रत्येक बिंदूला त्याचा वर्णपट, म्हणजे तिथून कोणता प्रकाश किती परतला याची नोंद, जोडला, की गोंधळ बराच सुटतो. आकारमान कमी पण उरलेल्या पानांचा वर्णपट निरोगी असेल, तर शोध काडीत, तिच्यावरच्या फुटव्याच्या डोळ्यांत आणि मुळांत घ्यावा. तिथे बुरशीनाशक फवारणे म्हणजे पैसा वाया घालवणे. आकारमान भरपूर असून वर्णपट बिघडलेला असेल, तर पानांपाशीच जायला हवे, आणि तेही पायी, कारण डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा पिवळसर तेलकट डाग पानाच्या वरच्या बाजूला दिसला तरी त्याची पांढरी बुरशी खालच्या बाजूला वाढते, जी पान उलटल्याशिवाय दिसत नाही.