चर्चमध्ये टाळ कुठून आले

नगर जिल्ह्यातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत नाताळच्या आठवड्यात अजून कीर्तन होतं. कीर्तनकाराच्या कपाळी बुक्का नसतो, पण डोक्याला फेटा आणि हातात चिपळ्या असतात, मागे पेटी, तबला आणि दोन टाळकरी. मागच्या वर्षी माझा भाचा पुण्याहून पहिल्यांदाच आला होता. कीर्तन रंगात आलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "मामा, हे तर देवळातलं. आपल्याकडे कसं आलं?" प्रश्न साधा होता, पण उत्तर चार शतकांत पसरलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात गोव्यात झाली. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट या कॅथलिक संघातले इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये तिथे आले. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांची पुराणं सुटली होती आणि त्यांच्या जागी ऐकायला, गायला काहीच नव्हतं. स्टीफन्सनी ती उणीव ओवीनं भरून काढली. त्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. सुमारे ११,००० ओव्या, भाषा मराठी, लिपी रोमन. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेनं स्थानिक भाषा बंद पाडण्याचा हुकूम काढला, तरी त्याच्या हस्तलिखित प्रती लोकांनी जपल्या. मराठी माणसाला देवाची गोष्ट गाऊन ऐकायची असते, हे या परदेशी माणसानं इतक्या आधी ओळखलं, याचं मला आजही नवल वाटतं.

दोनशे वर्षांनी प्रॉटेस्टंट मिशनरी आले, त्यांनी मात्र वेगळी वाट धरली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. बाजारात, जत्रेत उभं राहून बोलायचं, छापील पुस्तिका वाटायच्या, अशी त्यांची सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा प्रचार. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांनी १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांशी जाहीर वाद केला, आणि दोन्ही बाजूंनी ग्रंथ निघाले. त्या वादांतली विद्वत्ता मोठी होती, पण ऐकणाऱ्याला तिथे पाहुण्यासारखं बसायला जागा नव्हती. तो एकतर या बाजूचा, नाहीतर त्या बाजूचा.

अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं १८३१ मध्ये नगरला आलं. १८४२ मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागलं. आणि इथेच, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती पदं रचून कीर्तनाचा साचा उपदेशासाठी वापरला. पूर्वरंगात बायबलातलं एक वचन घेऊन त्याचं निरूपण, मग उत्तररंगात आख्यान. प्रभू येशूचे दाखले, म्हणजे बोधकथा, तर आख्यानासाठीच सांगितल्यासारखे आहेत. उधळ्या पुत्राची गोष्ट साकी-दिंडी या कीर्तनातल्या छंदांत बसवायला काहीही ओढाताण करावी लागत नाही.

इथे एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. नगरच्या खेड्यांतले बहुतेक ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आले. गावच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. कीर्तन ऐकायचं तर बाहेरून, लांबून, जेवढे शब्द वाऱ्यावर येतील तेवढे. माझ्या आजोबांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं, "आम्हाला टाळ ऐकू यायचे, गोष्ट नाही." त्याच माणसांच्या हातात चर्चमध्ये टाळ आले, गोष्ट आली, आणि पुढे चिपळ्याही आल्या. "देवळातलं आपल्याकडे कसं" या प्रश्नाच्या आड हा सगळा इतिहास आहे.

मग आले नारायण वामन टिळक. १८६१ मध्ये कोकणात करजगावला जन्म, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत, आणि त्यांनी तो पूल मागे पाडून टाकला नाही. त्यांचे अभंग आजही 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकात आहेत. आमच्या घरात ते पाठ करावे लागले नाहीत, स्वयंपाकघरातून कानावर पडत गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागे फरफटत गेल्या नाहीत, हेही सांगायला हवं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, सोवळ्याओवळ्याचा गुंता स्वतः सोडवला आणि १९०० मध्ये स्वतःच्या पायांनी आल्या. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडलं, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एकत्र बसतील अशी ती कल्पना होती. १९१९ मध्ये ते गेले, आणि दरबाराचा जीवच गेला.

माझे गुरू आमच्या मंडळीचे पाळकसाहेब. टिळक त्यांना मुखोद्गत होते, पण उपदेशाची भाषा ते पंडिता रमाबाईंकडून शिकले, असं ते सांगत. रमाबाई पुराणिकांच्या घरातल्या. लहानपणी आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी फिरून संस्कृत पुराणं वाचलेल्या. त्यांना ख्रिस्ताकडे वळवण्यात नीळकंठशास्त्री, म्हणजे नेहेम्या गोरे, यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. गोरे स्वतः मिशनऱ्यांशी वाद घालणारे शास्त्री, १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले. इतकी विद्वत्ता पाठीशी असताना रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर केलं ते साध्या बाईला कळेल अशा मराठीत. त्यांच्या तिथल्या संस्थेतल्या, मुक्ती मिशनमधल्या, स्त्रियांनी ते छापलं. १९२२ मध्ये, काम हातावेगळं होताच, रमाबाई गेल्या.

पाळकसाहेबांनी हे कसं उचललं, ते मी शनिवारी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर पाहिलंय. पाळकीणबाई सुपात तांदूळ निवडत बसायच्या आणि साहेब त्यांना उद्याचा उपदेश वाचून दाखवायचे. बाईंचा हात चालू असेपर्यंत वाचन चालू. हात थांबला आणि त्यांनी मान वर केली, की साहेब पेन्सिलीनं ते वाक्य खोडायचे. कारण विचारायचे नाहीत. एकदा अख्खं पान खोडलेलं मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी उपदेश बारा मिनिटांचा झाला, आणि तो मला अजून आठवतो.

वसईच्या कॅथलिकांची वाट वेगळी. त्यांच्याकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते ६५) मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत होऊ लागली. 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षं संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा पाळकसाहेबांनी पेपरातला त्यांचा फोटो कापून आपल्या 'उपासना संगीता'त ठेवला. पंथ वेगळा असल्याचा विषयही निघाला नाही.

साहेब आता नाहीत. त्यांच्या चिपळ्या त्यांच्याच एका विद्यार्थिनीकडे आहेत. एका चिपळीची झांज सैल झाली आहे, ती तिनं तारेनं बांधली आहे. या वर्षी २४ डिसेंबरला ती बायबलातल्या रूथ आणि नामीचं आख्यान लावणार आहे. भाच्याला मी टाळ धरायला बोलावलंय.