गाडीची पेटी वेगळी, बोटीची पेटी वेगळी
वाहनधारक आणि बोटमालकांसाठी माहितीपत्रक

दुकानात आलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एवढंच म्हणतं, "एक फर्स्ट एड बॉक्स द्या." आम्ही फळीवरून लगेच काढून देत नाही. आधी विचारतो, पेटी कुठे राहणार आणि तिथून दवाखाना किती वेळावर आहे? रत्नागिरी शहरात फिरणारी रिक्षा दहा-पंधरा मिनिटांत दवाखाना गाठते. हापूस भरून रात्री वाशीला निघालेल्या टेम्पोला घाटात मदत पोचायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. मिरकरवाड्यातून सुटलेली बोट २५ सागरी मैल बाहेर असेल, तर ताशी ८ मैलांच्या चालीने बंदर तीन तासांहून लांब, तेही जाळं लगेच वर आलं तर. या तिघांना एकच पेटी विकणं आम्हाला पटत नाही. पेटीत काय हवं हे जितकं दुखापतीवर, तितकंच या मधल्या वेळावर ठरतं.

गाडीसाठी

नव्या गाडीसोबत प्रथमोपचार पेटी द्यायची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येच आहे. त्यामुळे पुष्कळांच्या डिकीत पेटी असते, पण सील न फोडलेली. एकदा घरी निवांत उघडून बघा. अँटिसेप्टिक मलम, थोडं गॉज, चिकटपट्ट्या, एखादं क्रेप बँडेज. खरचटलं, बोट कापलं तर एवढं पुरतं. रस्त्यावरच्या अपघातात मात्र सगळ्यात आधी गॉज संपतं.

वाहतं रक्त थांबवायचं म्हणजे जखमेवर गॉजची जाड घडी ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरायचं. निदान दहा मिनिटं, आणि मध्येच उचलून न बघता. घडी भिजली तर ती तशीच ठेवून वर दुसरी दाबायची. मांडीच्या जखमेवर गॉजचे चार तुकडे कुठल्या कुठे जातात. म्हणून आमच्या गाडीच्या पेटीत निर्जंतुक गॉजची २० पाकिटं, दोन मोठी जाड पॅड आणि १० व १५ सेंमी रुंदीची क्रेप बँडेज असतात. कापूस मात्र आम्ही ठेवत नाही. त्याचे तंतू ओल्या जखमेला चिकटतात आणि नंतर ते वेचून काढताना पेशंटचे हाल होतात.

त्रिकोणी बँडेज पाहून "हे कशाला?" असं बरेच जण विचारतात. मीटरभर चौकोनी सुती कापड तिरकं कापलं की अशी दोन होतात. एकाची हाताला झोळी होते, डोक्याला बांधता येतं, मोडलेल्या पायाला काठी बांधायला पट्टीसारखंही चालतं. घरी जुनं सुती लुगडं असेल तर स्वच्छ धुऊन, वाळवून, इस्त्री करून तुम्हीच कापून ठेवा. ही वस्तू आमच्याकडूनच विकत घ्या असा आग्रह नाही.

कात्री बोथट टोकाची आणि जीन्स कापता येईल इतकी दणकट हवी. हातमोजे नायट्राइलचे घ्या, कारण लॅटेक्सचे मोजे उन्हाने आणि तेलाने चिकट होऊन घालतानाच फाटतात. आणि सामान एकात एक कोंबू नका. आम्ही रक्तस्रावाचं सगळं एका लाल पिशवीत, मोड-मुरगळीचं निळ्या पिशवीत आणि किरकोळ जखमांचं पांढऱ्या पिशवीत भरतो. रात्री, पावसात, एका हातात मोबाईलचा उजेड धरून बघणाऱ्याला "लाल पिशवी काढ" एवढं सांगितलं की भागतं.

पेटी डिकीत ठेवू नका. मागून धडक बसली की डिकी उघडत नाही, आणि सहलीला जाताना तिच्यावर चार बॅगा असतात. पुढच्या सीटखालची जागा उत्तम. ट्रकमध्ये केबिनमध्येच ठेवा आणि क्लीनरलाही दाखवून ठेवा, कारण लागणारा माणूस ड्रायव्हरच असू शकतो.

औषधांविषयी. उन्हात उभी केलेली बंद गाडी आतून ५० अंशांच्या वर तापते. गोळ्यांच्या पाकिटावर तर बहुधा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. त्यामुळे गाडीच्या पेटीत आम्ही ओआरएसखेरीज पोटात घ्यायचं काही घालत नाही. इन्सुलिन, दम्याचा पंप, हृदयविकाराच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या खांद्याच्या पिशवीत असाव्यात. हां, आंबा घाटात गाडी लागणाऱ्यांसाठी चार जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र जरूर टाका. सगळ्यात जास्त वापर त्यांचाच होतो.

कोकणातल्या सड्यावर फुरसं चावण्याची भीती खरी आहे. त्यासाठी पेटीतली वस्तू एकच, हात-पाय न हलता राहील असं बांधायला त्रिकोणी बँडेज. ब्लेडने कापणं, तोंडाने ओढणं, वर दोरी आवळणं हे काहीही करू नका. अंगठी, बांगडी, पैंजण सूज येण्याआधी काढा आणि थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या.

मदतीला थांबायला लोक अजूनही घाबरतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्तीही नाही. आधी १०८ ला फोन, मग लाल पिशवी.

बोटीसाठी

एका जुलैत हर्णैचे एक तांडेल (बोटीचे प्रमुख) आमचीच दोन वर्षांपूर्वी नेलेली पेटी परत घेऊन आले आणि काही न बोलता काउंटरवर उघडून ठेवली. कात्रीची दोन्ही पाती गंजून एक झालेली. गंजाचा तांबडा डाग गॉजच्या पाच पाकिटांतून आरपार. चिकटपट्ट्यांचा गोंद वितळून कागदालाच चिकटलेला, आणि सगळ्याला डिझेलचा वास. आयोडीनची काचेची बाटली फुटून तळाला साखळलेली. मोसमात एका खलाशाचा हात विंचच्या (जाळं ओढायच्या यंत्राच्या) दोरीने कापला होता, त्याला शेवटी टॉवेल बांधून आणलं होतं. चूक आमची होती. गाडीची पेटीच आम्ही बोटीला दिली होती.

तेव्हापासून बोटीची पेटी आम्ही वेगळी भरतो. डबा जाड प्लॅस्टिकचा, नारिंगी, झाकणाला रबरी कडं असलेला. घेताना तो पाण्याच्या बादलीत दाबून धरा आणि आत ओल येते का ते स्वतः बघा. आतली प्रत्येक वस्तू झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. कात्री आणि चिमटा ३१६ प्रतीच्या स्टीलचे. साध्या ३०४ स्टीलवर खाऱ्या हवेत लवकर डाग पडतात, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते जास्त टिकतं. काचेची बाटली एकही नाही, पोव्हिडोन आयोडीन मलमाच्या ट्यूबमध्ये. डबा इंजिनाजवळ नको. केबिनमध्ये, छातीच्या उंचीवर, पट्ट्याने बांधलेला हवा.

सामानही तिप्पट लागतं. गॉजची ६० पाकिटं, सहा क्रेप बँडेज, मोडलेल्या हाडाला आधार द्यायला, वाकवून हाताला बसवता येणारी खपाची, आणि घट्ट पिळून बांधायचं टूर्निके. हे शेवटचं फक्त हाता-पायासाठी आणि दाबूनही रक्त थांबत नसेल तेव्हाच. जखमेच्या वर चार बोटं, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ तिथेच पेनाने लिहायची. एकदा बांधलं की बंदरात डॉक्टरच सोडतील.

जाळ्यातून वर येणाऱ्या जिवांचं वेगळं. पाकट किंवा शिंगाळा या माशांचा काटा लागला की ठणका असह्य असतो. बोटीवर चहाचा स्टोव्ह असतोच. सोसवेल इतकं गरम पाणी, साधारण ४५ अंशांचं, बादलीत घ्या आणि हात किंवा पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याने आपल्या हाताने बघायचं, कारण दुखणाऱ्या हाताला अंदाज राहत नाही. छातीत, पोटात किंवा मानेत काटा रुतला असेल तर ओढू नका, तो न हलता राहील असं भोवती गॉज लावून बंदराकडे वळा.

जाळ्यात समुद्री सापही येतात. त्यांच्या चाव्याला कधीकधी दुखतही नाही, म्हणून माणूस कामाला लागतो. काही तासांनी अंग आखडतं, पापण्या जड होतात, लघवी काळपट होते. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे, समुद्री सापासाठी नाही. तरीही रुग्णालयात जाणं टाळू नका, कारण श्वास मंदावला तर तिथे कृत्रिम श्वास देता येतो. चावा घेतल्याचा संशय असला तरी बोट वळवा.

भाजणं सायलेन्सरने होतं, तशीच उकळत्या चहानेही. २० मिनिटं गोडं थंड पाणी, मग स्वच्छ कोरडी पट्टी. टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही. बर्फाचा साठा हाताशी असतो, पण बर्फ थेट लावू नका.

पाण्यातून काढलेल्या माणसाचं पोट दाबण्यात वेळ घालवू नका. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास, मग छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब. तोंडावर ठेवायचा मास्क आम्ही प्रत्येक पेटीत देतो आणि पेटी नेताना तो कसा धरायचा ते करून दाखवतो.

एका गोष्टीला कुठलीच पेटी पुरत नाही. मासळी कुजलेल्या बंद खणात विषारी वायू साठतो. खाली उतरलेला माणूस कोसळला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. झाकणं उघडा, वारा खेळू द्या आणि दोरीने बांधल्याशिवाय कुणाला सोडू नका. यात एकामागून एक माणसं जातात.

मोबाईलची रेंज किनारा सोडल्यावर लवकरच जाते. व्हीएचएफ वायरलेसचा १६ नंबर चॅनल चालू ठेवा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ झाकणाच्या आतल्या बाजूला आम्ही छापलेला आहे, त्याखाली तुमच्या बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहायला जागा सोडली आहे. गडबडीत तो मालकालाही आठवत नाही.

पेटी परत आणा

बोटी १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत किनाऱ्याला असतात. तेव्हा पेटी घेऊन या. गाडीवाल्यांनी विम्याच्या नूतनीकरणाची तारीख धरावी, म्हणजे वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. मुदत संपलेलं आम्ही बदलतो, पैसे फक्त बदललेल्या वस्तूचे. अर्धी रिकामी आणली तर जास्त बरं. काय वापरलं, काय कमी पडलं, काय सापडलंच नाही हे आम्ही काउंटरवरच्या वहीत लिहून घेतो. टूर्निके आणि गरम पाण्याची सूचना त्या वहीतूनच पेटीत आली.